दहा मिलिक्युरींऐवजी चार: पुण्यातील एका पेट-सीटी विभागातील प्रकरण

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यातील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागाकडे पंधरा वर्षांच्या मुलीची पेट-सीटीसाठी (किरणोत्सारी औषध टोचून शरीरातील आजाराच्या जागा दाखवणारा पेट आणि सोबत सीटी, असा जोडस्कॅन) चिठ्ठी आली. मानेतल्या गाठीची बायोप्सी होऊन हॉजकिन लिम्फोमाचे (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचे) निदान झालेले होते, आठवडाभरापूर्वी दुसऱ्या एका केंद्रात मान, छाती व पोट यांचा कॉन्ट्रास्ट सीटीही काढून झाला होता, आणि आजार शरीरात कुठवर पसरला आहे हे ठरवण्यासाठी बालकर्करोगतज्ज्ञांना संपूर्ण शरीराचा पेट हवा होता. मुलीचे वजन ४२ किलो होते. विभागाच्या रूढ पद्धतीप्रमाणे तिला प्रौढांच्या रांगेत धरून १० मिलिक्युरी (किरणोत्साराचे माप) एफडीजी हे पेटचे औषध टोचले गेले असते, दर टप्प्याला, म्हणजे टेबल एका जागी थांबवून टिपायच्या शरीराच्या प्रत्येक भागाला, दीड मिनिट याप्रमाणे सहा टप्प्यांचा स्कॅन नऊ मिनिटांत उरकला असता आणि त्यासोबत पूर्ण क्षमतेचा सीटीही पुन्हा झाला असता. तसे झाले नाही, कारण विभागाच्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ, ज्या तेथील किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारीही आहेत, त्यांची नजर चिठ्ठीवरच्या वयावर थबकली आणि त्यांनी दुसऱ्या दिवशीची यादी ठरण्यापूर्वी विभागप्रमुखांकडे अर्धा तास मागून घेतला.

त्या अर्ध्या तासात झालेला हिशेब आणि पुढच्या सहा-सात महिन्यांत त्यातून निघालेले निर्णय हा या टिपणाचा विषय आहे. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील अर्थातच गाळला आहे.

जुन्या पद्धतीचा हिशेब

एफडीजी म्हणजे फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेली साखर. तिच्यातून बाहेर पडणारा पॉझिट्रॉन लगतच्या इलेक्ट्रॉनला भेटून नाहीसा होतो आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन फोटॉन परस्परविरुद्ध दिशांना निघतात. यंत्राच्या कड्यातील शोधकांनी अशा जोड्या जितक्या जास्त टिपाव्यात तितकी प्रतिमा स्वच्छ येते. किती जोड्या टिपल्या जातील हे टोचलेली सक्रियता (औषधातील किरणोत्साराचे प्रमाण), स्कॅनला दिलेला वेळ आणि यंत्राची संवेदनशीलता या तिघांवर अवलंबून असते. यंत्र बदलणे कोणाच्या हातात नसते, म्हणून रोजच्या व्यवहारात उरतात त्या दोनच गोष्टी, सक्रियता आणि वेळ. एक कमी केली की दुसरी वाढवावी लागते.

१० मिलिक्युरी म्हणजे सक्रियतेच्या दुसऱ्या एककात ३७० मेगाबेक्वेरेल. आयसीआरपी या किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या तक्त्यानुसार एफडीजीच्या प्रत्येक मेगाबेक्वेरेलमागे प्रौढाला ०.०१९ मिलिसिव्हर्ट प्रभावी मात्रा (संपूर्ण शरीरावरील किरणोत्सर्गाच्या परिणामाचे माप) मिळते. पंधरा वर्षांच्या मुलासाठी हाच आकडा ०.०२४ आहे, दहा वर्षांच्या मुलासाठी ०.०३७ आणि एक वर्षाच्या बाळासाठी ०.०९५. या मुलीला ३७० मेगाबेक्वेरेल दिले असते तर केवळ औषधातून जवळपास ८.९ मिलिसिव्हर्ट मात्रा पडली असती. विभागाच्या नेहमीच्या निदानात्मक सीटीचा डीएलपी (एका सीटीत मिळून किती किरणोत्सर्ग दिला त्याचे माप) कन्सोलवर ९०० मिलिग्रे-सेंटिमीटरच्या घरात दिसतो. धडासाठी वापरला जाणारा ०.०१५ हा प्रौढांचा गुणक लावला तर त्याचे १३.५ मिलिसिव्हर्ट होतात. एका भेटीचे एकूण २२ च्या वर, आणि उपचारांच्या काळात अशा किमान तीन भेटी ठरलेल्या. निसर्गतः माणसाला वर्षाकाठी मिळणारी जागतिक सरासरी मात्रा २.४ मिलिसिव्हर्ट आहे, यावरून प्रमाणाचा अंदाज यावा.

धोका किती, या प्रश्नाचे उत्तर संयमानेच द्यायला हवे. आयसीआरपीच्या २००७ च्या शिफारशींत सर्व वयोगटांसाठी मिळून दर सिव्हर्टमागे कर्करोगाचा भारित धोका साधारण साडेपाच टक्के धरला आहे, म्हणजे १० मिलिसिव्हर्टला दहा हजारांत पाच-सहा. हा आकडा एकेका रुग्णाचे भाकीत करण्यासाठी नाही. मुलांमध्ये व विशेषतः वाढत्या वयाच्या मुलींमध्ये स्तनाच्या ऊती किरणोत्सर्गाला अधिक संवेदनशील असतात हे मात्र ठाम सांगता येते, आणि हॉजकिनमध्ये छातीचा भाग दर वेळी सीटीच्या झोतात येतो. शिवाय ही मुलगी बरी होण्याची शक्यता मोठी आहे, तिच्यापुढे अजून कित्येक दशके आहेत. साठीच्या रुग्णाबाबत जी बचत नगण्य ठरते, ती इथे नगण्य ठरत नाही.

१० मिलिक्युरी आल्या कुठून?

विभागातील जुन्या मंडळींना विचारले तर प्रत्येकाचे उत्तर 'पहिल्यापासून असेच आहे' हे. खरे कारण यंत्रापेक्षा रस्त्यात आणि रांगेत आहे. या केंद्राला एफडीजीची बॅच मुंबईहून द्रुतगती मार्गाने येते. फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाळ ११० मिनिटे. औषध तयार झाल्यापासून टोचेपर्यंत तीन तास गेले तर मुळातल्या सक्रियतेचा जेमतेम तिसरा हिस्सा हाती उरतो. घाटात गाडी पाऊण-एक तास अडकली की त्यातलेही २५ ते ३० टक्के हवेत विरतात, आणि इकडे उपाशीपोटी बसलेले सात-आठ रुग्ण ताटकळतात. अशा स्थितीत बॅच दारात येताच सगळ्यांना झटपट टोचून, एकेकाला नऊ मिनिटांत टेबलावरून उतरवणे ही व्यवस्थापनाची गरज होऊन बसते. दीड मिनिटाच्या टप्प्यात बरी प्रतिमा हवी तर सक्रियता चढी ठेवावी लागते. म्हणजे जादा मिलिक्युरी रुग्णाच्या निदानासाठी नव्हत्या. त्या यादीला वेळ मिळवून देत होत्या. हे एकदा कागदावर आल्यावर पुढची चर्चा फार सोपी झाली, असे माझे मत आहे.

भौतिकतज्ज्ञांनी दोन स्वतंत्र मार्गांनी नवा आकडा काढला. उत्तर अमेरिकेतील बालरुग्णांसाठीच्या सहमतीनुसार शरीराच्या एफडीजी स्कॅनसाठी दर किलोला ३.७ ते ५.२ मेगाबेक्वेरेल द्यावेत. खालची मर्यादा धरली तर ४२ किलोला १५५ मेगाबेक्वेरेल होतात. युरोपीय न्यूक्लिअर मेडिसिन संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत, शेजारच्या टप्प्यांचा ओव्हरलॅप ३० टक्के किंवा कमी असेल तर १४ ला वजनाने गुणून दर टप्प्याच्या मिनिटांनी भागावे, असे सूत्र आहे. चार मिनिटे धरली तर १४७ येतात. दोन वाटांनी निघून माणूस एकाच चौकात पोहोचावा तसे हे झाले, आणि हॉट लॅबमध्ये (किरणोत्सारी औषध मोजण्या-भरण्याच्या खोलीत) मोजायला सोयीचा आकडा ठरला ४ मिलिक्युरी, म्हणजे १४८ मेगाबेक्वेरेल. ३७० गुणिले दीड म्हणजे ५५५; १४८ गुणिले चार म्हणजे ५९२. जोड्यांच्या हिशेबात नवी प्रतिमा जुनीपेक्षा खराब होण्याचे कारणच नव्हते. किंमत होती ती टेबलावरच्या पंधरा जादा मिनिटांची.

दुपारची वेळ

ही पंधरा मिनिटे आणायची कुठून, यावर टेक्नॉलॉजिस्टनी सुचवलेला तोडगा मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. मुलांना सकाळी पहिला नंबर द्यायचा, कारण त्यांना उपाशी ठेवणे जड जाते, अशी प्रथा होती. टेक्नॉलॉजिस्टनी या मुलीला यादीत शेवटी ठेवावे असे सुचवले. तिला लागणारी सक्रियता थोडी आहे, तेव्हा बॅचच्या तळाला उरलेल्या औषधातही तिचे भागेल. आणि तिच्या मागे कोणी रुग्ण नसल्याने टेबल लवकर रिकामे करण्याचा तगादा राहणार नाही. उपाशी राहण्याचा प्रश्न पहाटे सहापूर्वी हलका नाश्ता देऊन आणि दुपारी साडेबाराला इंजेक्शन ठरवून सुटला. त्यामुळे सहा तासांचा उपवासही पाळला गेला आणि मूल दिवसभर कळवळलेही नाही.

यात आणखी एक फायदा होता, तो थंडीचा. सडपातळ किशोरवयीन मुलांमध्ये मानेच्या दोन्ही बाजूंना व गळपट्टीच्या हाडांवर तपकिरी चरबी असते. शरीराला थंडी वाजली की ही चरबी उष्णता निर्माण करण्यासाठी साखर ओढते, आणि एफडीजी ही साखरच असल्याने पेटवर तो भाग लखलखतो. हॉजकिनच्या गाठी नेमक्या त्याच जागी असतात. गाठ कोणती आणि चरबी कोणती हे सांगता आले नाही तर स्कॅन पुन्हा करावा लागतो आणि वाचवलेल्या सगळ्या मिलिसिव्हर्टवर पाणी पडते. टेक्नॉलॉजिस्टनी आदल्या संध्याकाळी फोन करून वडिलांना विचारले, "येणार कसे तुम्ही?" हडपसरहून बाईकवरून, असे उत्तर आले. डिसेंबरात सकाळी पुण्यात पारा दहा-बारा अंशांवर असतो. पाऊण तास बाईकवर वारा खाल्लेली मुलगी टोचण्याच्या खुर्चीत बसली असती तर पुढचे सांगायला नको. "रिक्षाने आणा तिला, स्वेटर आणि शाल घालून. मोजे पण घाला. आता खेळायला नाही पाठवायचं," असे सांगितले गेले. दुपारी अपटेक रूमचा (औषध शरीरात मुरेपर्यंत रुग्णाला बसवायच्या खोलीचा) एसी बंद ठेवला होता आणि इंजेक्शनच्या तासभर आधीपासून मुलीला ब्लँकेट दिले होते. गळपट्टीच्या हाडांवर तपकिरी चरबीचा मागमूसही स्कॅनमध्ये आला नाही.

इंजेक्शनपूर्वी एका परिचारिकेने वडील बाहेर असताना मुलीला मासिक पाळीची तारीख विचारली व नोंदवली. हा प्रश्न पंधराव्या वर्षीही विचारावाच लागतो आणि तो आईवडिलांसमोर विचारू नये. बोटातून साखर तपासली. कॅन्युला आधी सलाइनने तपासून मगच औषध दिले, कारण औषध शिरेबाहेर गेले तर दंडात साठते, सगळे मोजमाप बिघडते आणि पुन्हा तोच पुनरावृत्तीचा प्रश्न उभा राहतो. इंजेक्शननंतर सिरिंजमध्ये उरलेली सक्रियता कॅलिब्रेटरमध्ये मोजून वजा केली. तासाभरात अर्धा लिटर पाणी पाजले आणि टेबलावर घेण्यापूर्वी लघवीला पाठवले; एफडीजी लघवीतून बाहेर पडते आणि मूत्राशयाच्या भिंतीला सर्वाधिक मात्रा मिळते, त्यामुळे हा साधा उपायही मोलाचा.

आई अपटेक रूममध्ये सोबत बसू इच्छित होती. १४८ मेगाबेक्वेरेल टोचलेल्या व्यक्तीपासून एक मीटरवर ताशी साधारण १४ मायक्रोसिव्हर्ट मात्रा असते, ३७० ला ती ३४ झाली असती. एएपीएम या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेच्या २००६ च्या अहवालातील गुणक लावून हे लगेच काढता येते. आईला दोन मीटरवर खुर्ची दिली आणि सोबत आलेल्या गरोदर मावशीला स्वागतकक्षातच थांबण्याची विनंती केली. शिसाचा नेहमीचा ॲप्रन इथे उपयोगाचा नाही. ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे फोटॉन निम्म्यावर आणायलाच सुमारे चार मिलिमीटर शिसे लागते. मात्रा कमी केली की अंतर न वाढवताही सोबतच्या माणसाला आणि टोचणाऱ्या कर्मचाऱ्याला आपोआप फायदा होतो, हे सांगितल्यावर हॉट लॅबमधला विरोधही मावळला.

सीटीचा वाटा

औषधात वाचलेली मात्रा सव्वापाच मिलिसिव्हर्टची. सीटीत त्याहून जास्त वाचली, पण त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आठवड्यापूर्वीचा कॉन्ट्रास्ट सीटी सीडीवर हजर होता, तो रेडिओलॉजिस्टनी वाचला आणि पुरेसा असल्याचे लेखी दिले. पेटसाठी सीटीचे काम एवढेच राहिले की फोटॉन शरीरात किती शोषले जातात त्याचा नकाशा द्यायचा आणि चमकणारी जागा कुठली ते दाखवायचे. त्यासाठी क्ष-किरण ट्यूबला १२० ऐवजी १०० केव्ही (किलोव्होल्ट) आणि स्वयंचलित ट्यूब-करंट नियंत्रण पुरेसे होते. डीएलपी १८० च्या आसपास राहिला, म्हणजे साधारण २.७ मिलिसिव्हर्ट.

एक बारकावा मात्र नोंदवण्याजोगा आहे. स्वयंचलित नियंत्रण टोपोग्रामवरून, म्हणजे सीटीआधी काढलेल्या सपाट क्ष-किरण चित्रावरून, शरीराची जाडी ठरवते. या वेळी टोपोग्राम ट्यूब खाली ठेवून काढला होता, म्हणजे छातीकडून येणाऱ्या झोतापेक्षा स्तनांना कमी मात्रा मिळते. अशा स्थितीत टेबल दोन-तीन सेंटिमीटर खाली राहिले तर रुग्ण ट्यूबच्या जवळ येतो, चित्रात जाडजूड दिसतो आणि यंत्र विनाकारण करंट चढवते. टेक्नॉलॉजिस्ट लेझरची आडवी रेघ मुलीच्या काखेच्या मधल्या रेषेवर येईपर्यंत टेबल वर घेत राहिले. यंत्राच्या पुस्तिकेत हे असतेच, पण घाईच्या दिवशी ती रेघ कोणी पाहत नाही.

एकूण मात्रा सव्वासहा मिलिसिव्हर्टच्या घरात राहिली.

आणखी खाली जावे का?

स्कॅनमध्ये मानेच्या डाव्या बाजूच्या गाठींबरोबर छातीच्या मध्यभागीही गाठी व उजव्या बाजूला एक लहान गाठ दिसली. यंत्र प्रत्येक जोडी वेळेच्या नोंदीसह साठवते. या लिस्ट-मोड नोंदींमुळे एका महत्त्वाच्या प्रयोगाला रुग्णाला एक थेंबही जादा टोचावा लागत नाही. चार मिनिटांच्या नोंदींतून पहिली तीन किंवा दोन मिनिटेच घेऊन प्रतिमा पुन्हा बांधली की ती कमी सक्रियतेच्या स्कॅनसारखी होते. तीन मिनिटे म्हणजे ३ मिलिक्युरी, दोन म्हणजे २. यात एक फरक आहे: योगायोगाने जुळणाऱ्या खोट्या जोड्या सक्रियतेच्या वर्गाच्या प्रमाणात असतात, त्यामुळे प्रत्यक्षात कमी टोचले तर प्रतिमा या नकलेपेक्षा किंचित चांगलीच येईल. अंदाज चुकला तर सुरक्षित बाजूला चुकतो.

विभागातील दोन न्यूक्लिअर मेडिसिन तज्ज्ञांना या प्रतिमा मिनिटांचा उल्लेख न करता दाखवल्या. तीन मिनिटांच्या प्रतिमेत यकृत थोडे खरखरीत दिसत होते, गाठी मात्र त्याच आणि तेवढ्याच होत्या. दोन मिनिटांच्या प्रतिमेत उजवीकडची लहान गाठ एकाने सोडून दिली. म्हणजे केमोच्या दोन सायकलनंतरचा, उपचार लागू पडतात का हे पाहणारा मधला पेट ३ मिलिक्युरींवर करता येईल, असा कौल दिसत होता.

तरीही विभागप्रमुखांनी तो ४ वरच ठेवला, आणि या निर्णयाशी मी सहमत आहे. मधल्या पेटचे वाचन एक ते पाच आकड्यांच्या डोव्हिल श्रेणीने होते: गाठीतील उरलेली चमक छातीतील रक्तवाहिन्यांच्या व यकृताच्या चमकेशी ताडली जाते आणि ती यकृतापेक्षा कमी राहिली तर उपचार हलके करता येतात. मुलांच्या युरोपीय पद्धतीत या उत्तरावर छातीची रेडिओथेरपी टाळावी की द्यावी हे ठरते. रेडिओथेरपीची मात्रा २० ग्रेच्या आसपास असते. तिच्यापुढे मिलिसिव्हर्टची भाषाच तोकडी पडते. ४ वरून ३ वर जाऊन वाचणार होते ०.९ मिलिसिव्हर्ट, आणि प्रतिमेतील खरखर वाढली की सर्वोच्च एसयूव्ही (गाठीतील चमकेचा मोजलेला आकडा) फसवा चढतो. अशा सीमारेषेवर ०.९ साठी उत्तर धूसर करणे हा खोटा काटकसरीपणा ठरला असता. कृत्रिम बुद्धिमत्तेने खरखर पुसून देणारी सॉफ्टवेअर त्याच सुमारास विक्रेते दाखवत होते. गुळगुळीत यकृत पाहायला छान वाटते, पण लहान गाठही त्यात पुसली गेली का हे आपल्याच रुग्णांच्या नोंदींवर तपासल्याशिवाय या निर्णयासाठी ती वापरू नयेत असे ठरले.

मधला पेट फेब्रुवारीत झाला. त्याची तारीख केमोच्या शेवटच्या डोसनंतर दहा दिवस आणि पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शननंतर दोन आठवडे मोकळे राहतील अशी बेतली, नाहीतर सगळी अस्थिमज्जाच उजळते. इंजेक्शनपासून स्कॅनपर्यंतचा काळ पहिल्या वेळेइतकाच ठेवला. डोव्हिल २ आले. ट्यूमर बोर्डाने (कर्करोगाच्या निरनिराळ्या तज्ज्ञांच्या बैठकीने) रेडिओथेरपी न देण्याचे ठरवले आणि केमोच्या उरलेल्या सायकल पूर्ण झाल्या. उन्हाळ्यातील अखेरच्या पेटमध्ये छातीच्या वरच्या भागात पंखासारखी सौम्य चमक होती. ती थायमस या छातीतील ग्रंथीची, केमोनंतर मुलांमध्ये ती पुष्कळदा परतते. अनुभवी नजरेने ती ओळखली, त्यामुळे खात्रीसाठीचा आणखी एक स्कॅन वाचला.

न काढलेला स्कॅन

ओपीडीच्या त्या भेटीत वडिलांनी विचारले, "डॉक्टर, दर सहा महिन्यांनी एकदा पेट काढून घेत जाऊ का? खर्चाचं बघतो मी. मनाला खात्री राहील." हा प्रश्न जवळपास प्रत्येक कुटुंबाकडून येतो, आणि अनेक ठिकाणी त्याला होकार मिळतो. लिम्फोमाच्या २०१४ च्या लुगानो शिफारशींत, पूर्ण प्रतिसाद मिळालेल्या व लक्षणे नसलेल्या रुग्णांचे असे नियमित पेट काढू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. खोटी चमक दिसून पुन्हा बायोप्सी, पुन्हा स्कॅन आणि घरभर भीती एवढेच त्यातून बहुधा हाती लागते. डॉक्टरांनी वडिलांना तीन महिन्यांनी तपासणी, रक्ताचे अहवाल आणि ताप, घाम, वजन घटणे किंवा नवी गाठ यांची यादी लिहून दिली. "यातलं काही दिसलं तर सहा महिने कशाला, दुसऱ्या दिवशी काढू," असे सांगितले. वडिलांचे पूर्ण समाधान झाले असे वाटत नाही, पण त्यांनी चिठ्ठीचा आग्रह सोडला. सहा महिन्यांनी एक स्कॅन असे दोन वर्षे चालले असते, तर कमी मात्रेच्या पद्धतीनेही आणखी २५ मिलिसिव्हर्ट झाले असते, म्हणजे तिच्या तिन्ही स्कॅनच्या बेरजेहून जास्त.

या प्रकरणानंतर विभागाच्या फॉर्मवर वजनाशेजारी मेगाबेक्वेरेलचा आकडा छापील सूत्राने भरला जातो, आणि अठरा वर्षांखालील प्रत्येक रुग्णाला दुपारची वेळ व चार मिनिटांचा टप्पा मिळतो. प्रौढांचा प्रश्न तेवढा सुटलेला नाही. ६० किलोच्या माणसाला तीन मिनिटांच्या टप्प्यावर २८० मेगाबेक्वेरेल, म्हणजे साडेसात मिलिक्युरी पुरतात, पण त्यासाठी प्रत्येकाला नऊऐवजी अठरा मिनिटे टेबल लागेल आणि दिवसाच्या यादीतले दोन-तीन रुग्ण कमी करावे लागतील. व्यवस्थापनाने त्याला नकार दिलेला नाही. यादी छोटी असते त्या शनिवारी ही पद्धत चालवून पाहण्यास तूर्त परवानगी दिली आहे.